हसू आतलं आणि बाहेरचं



आज तुमच्याशी हसण्याविषयी बोलायचं आहे. विषय ऐकून कोणाला हसू आलं असेल तर उत्तमच, माझं निम्मं काम तिथंच झालं. पण ज्यांच्या हसण्याविषयी मी बोलणार आहे, त्यांना हसू असं सहजासहजी येत नाही. ही माणसं म्हणजे आपल्या अमरावती-अकोल्याकडच्या वृद्धाश्रमांतून राहणारी म्हातारी मंडळी. कोणी शेत विकून आलेला, कोणी मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यामुळं एकटा पडलेला, कोणी निपुत्रिक, तर कोणाला चार मुलं असूनही घर नाही.

अशा ठिकाणी अलीकडं एक नवा उपचार शिरला आहे. सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, टाळ्या वाजवायच्या आणि मोठ्यानं हसायचं. याला कोणी हास्योपचार म्हणतात, कोणी हास्ययोग. मनावरचा ताण यानं उतरतो, असं सांगतात. मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळं हे खरं काय आणि खोटं काय, असं लोक मला विचारतात. खरं सांगायचं तर मला याचं उत्तर पुस्तकात पुरतं मिळालं नाही. थोडं पुस्तकात मिळालं आणि थोडं एका आजीनं दिलं.

आजीची गोष्ट आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतली मुलंमुली घेऊन मी एका वृद्धाश्रमात गेलो होतो. मुलांनी हास्ययोगाची तयारी केली होती. त्यांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं, गोल केला आणि 'हो हो, हा हा हा' सुरू झालं. काही म्हातारे हसले. काही मुलांकडं पाहून हसले, म्हणजे मुलांनाच हसले. एक आजी मात्र ओसरीवरच्या खाटेवर बसून राहिल्या. कापूस वेचण्यात जन्म गेलेली बाई, हातावर बोंडांचे ओरखडे अजून दिसत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "आजी, या ना, थोडं हसा." त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हासाले काय झालं, सर? हासण्यासारखं काही असन त सांगा, मीबी हासीन."

मला उत्तर सुचलं नाही. आम्ही जाण्याआधी दोनच दिवस त्यांच्या शेजारची खाट रिकामी झाली होती, हे मला नंतर कळलं. आम्ही कोणाला विचारलंच नव्हतं. चूक आमची, आणि त्यातही माझी, कारण मुलं लहान होती.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की हसण्यासारखं काही नसताना हसायचं का? आणि हसलं तर त्याचा उपयोग काय?

आधी ताण म्हणजे काय ते पाहू. हा शब्द आपण दोरीला लावतो, तारेला लावतो. माणसाच्या शरीरावर येणाऱ्या अशा ओढीचा शास्त्रीय अभ्यास कॅनडातल्या माँट्रियल शहरी हान्स सेल्ये या वैद्यकशास्त्रज्ञानं केला आणि 1936 मध्ये त्याविषयी पहिलं टिपण प्रसिद्ध केलं. संकट आलं की शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी आपला रस रक्तात सोडतात. शेतात साप दिसला तर ही तयारी प्राण वाचवते. साप निघून गेला की शरीर पुन्हा सैल होतं. पण ज्याचा साप कधी जातच नाही, त्याचं काय? फाटकाकडं डोळे लावून बसलेल्या बापाचा साप कोणता, हे तुम्ही जाणताच. दिवाळीला मुलगा येईल का, औषध संपलं तर कोणाला सांगू, आता पुढचा नंबर माझा का, हे साप रात्रंदिवस उशाशी असतात. शरीर सज्जच राहतं आणि त्या सज्जतेनंच थकतं. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, रक्तदाब वाढतो, माणूस चिडका होतो किंवा अगदी गप्प होतो.

आता हसणं घ्या. हसताना शरीरात काय घडतं ते शिक्षकबंधूंनी वर्गात मुलांकडून करवून पाहावं. एक हात पोटावर ठेवून खरोखर हसा. छाती आणि पोट यांमधला पडदा उसळ्या घेतो, 'हा'मागून 'हा' निघतो आणि प्रत्येक 'हा'बरोबर थोडी हवा बाहेर जाते. म्हणजे हसणं हे तुकड्या-तुकड्यांनी सोडलेला श्वास आहे. सगळी हवा गेली की माणूस आपोआप खोल श्वास घेतो. दिवसभर खाटेवर बसून वरवरचा श्वास घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला एवढीही कसरत मोठी असते. हसताना नाडी जलद होते. हसू ओसरलं की ती खाली येते आणि हातपाय सैल पडतात. खूप हसल्यावर हातातला तांब्यासुद्धा धरवत नाही, हा अनुभव कोणाला नाही? ताणलेली दोरी सैल झाल्याचीच ती खूण.

यात दुखण्याचाही संबंध आहे. इंग्लंडातल्या ऑक्सफर्ड इथले रॉबिन डनबर आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. चारचौघांत मनसोक्त हसलेल्या माणसांना त्यानंतर वेदना अधिक सोसवते, असं त्यांना आढळलं. मात्र वृद्धाश्रमांतल्या हास्योपचारावर जे अभ्यास झाले आहेत, त्यांतले बरेचसे थोड्या माणसांवर आणि थोड्या आठवड्यांपुरते झालेले आहेत. ताण कमी झाल्याचं, झोप सुधारल्याचं त्यांतून पुष्कळदा दिसतं, पण त्यावरून रक्तदाबाची गोळी बंद करा असं जर कोणी सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून परत पाठवावं.

हा बिनविनोदी हसण्याचा प्रकार निघाला कुठून, हेही ऐकण्यासारखं आहे. मुंबईत त्या वेळी डॉ. मदन कटारिया नावाचे एक डॉक्टर होते. 13 मार्च 1995 रोजी सकाळी ते अंधेरी भागातल्या एका बागेत गेले आणि अवघ्या पाचजणांना घेऊन त्यांनी हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला रीत सरळ होती. एकानं मध्ये येऊन चुटका सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. पण चुटक्यांचं गाठोडं केवढं असणार? दोनएक आठवड्यांत चांगले चुटके संपले. मग चावट, बोचरे, कोणाची तरी टर उडवणारे चुटके येऊ लागले आणि मंडळी नाराज झाली. तेव्हा डॉक्टरांनी चुटकाच काढून टाकला. नुसतं हसा, म्हणाले. खोटं हसा, खरं आपोआप येईल. त्याला टाळ्यांची आणि श्वासाच्या व्यायामाची जोड दिली. पुढं ही कल्पना देशोदेशी गेली आणि 1998 पासून जागतिक हास्यदिनही पाळला जाऊ लागला. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो.

खोटं हसू आणि खरं हसू यांतला फरक शरीराला कळत नाही, असा या मंडळींचा दावा आहे. मला तो पूर्णपणे पटत नाही. फ्रान्समधल्या द्युशेन नावाच्या वैद्यानं 1862 मध्येच दाखवून दिलं होतं, की नुसत्या ओठांचं हसू वेगळं आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पाडणारं हसू वेगळं. आपल्या घरातल्या बायांना हे कोणी शिकवावं लागत नाही. जावेचं हसू कोणतं आणि बहिणीचं कोणतं, हे त्या दारातूनच ओळखतात.

मग खोटं हसून खरं येतं कसं? इथं अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन या प्राध्यापकाचं काम उपयोगी पडतं. त्यानं बाजारात, रस्त्यावर लोक कशाकशाला हसतात हे कान देऊन टिपून घेतलं. असे सुमारे 1200 प्रसंग जमा झाले. त्यांत विनोदाला म्हणून आलेलं हसू पाचांत एकसुद्धा नव्हतं. 'बरंय, येतो हं', 'अरे, तू इकडं कुठं?' अशा साध्या वाक्यांवर लोक हसत होते. आणि माणूस एकटा असताना जेवढा हसतो, त्याच्या कितीतरी पट, जवळजवळ तीस पट, तो माणसांत हसतो. म्हणजे हसू विनोदात नसतं, सोबतीत असतं. गोलात उभं राहून एकजण खोटं हसतो, दुसऱ्याला त्याचं हसणं पाहून खरं हसू येतं आणि ते पहिल्याला लागतं. जांभईसारखंच हे संसर्गजन्य आहे.

संसर्ग नेहमी चांगलाच असतो असं मात्र समजू नका. आफ्रिकेतल्या टांगानिका देशात, म्हणजे आजच्या टांझानियात, 1962 साली मुलींच्या एका निवासी शाळेत तीन मुली हसू लागल्या आणि ते हसणं 159 पैकी 95 मुलींना लागलं. थांबवता थांबेना. शेवटी शाळा बंद ठेवावी लागली. त्या मुली सुखानं हसत नव्हत्या, ताणानं हसत होत्या, असं अभ्यासकांचं मत आहे. म्हणून 'सगळे हसले' एवढ्यावरून कार्यक्रम यशस्वी झाला, असा अहवाल कोणी लिहू नये. आम्ही पहिल्या खेपेला तसाच लिहिला होता.

आता मी मूळ मुद्द्याकडं येतो. नॉर्मन कझिन्स नावाच्या अमेरिकन संपादकाची गोष्ट हास्योपचारवाले फार सांगतात. 1964 मध्ये त्याला सांध्यांचा आणि पाठीचा भयंकर आजार जडला. त्यानं विनोदी चित्रपट पाहायला सुरुवात केली. दहा मिनिटं पोट धरून हसलो की दोन तास वेदनेवाचून झोप लागे, असं त्यानं पुढं 1976 मध्ये लिहिलं. गोष्ट खरी आहे, पण तिचा एक भाग सांगायचा राहून जातो. हा गृहस्थ रुग्णालयातून उठून हॉटेलात राहायला गेला होता. कोणता चित्रपट पाहायचा, केव्हा झोपायचं, कोणाला भेटायचं, हे सगळं तो आपल्या मर्जीनं ठरवत होता. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्याला तर डाळीत मीठ किती हेही ठरवता येत नाही.

योगायोग असा, की त्याच 1976 साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका वृद्धनिवासात त्यांनी एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं, की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे एक रोपटं घ्या, त्याला पाणी तुम्ही घाला. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपटी दिली, पण पाणी नर्स घालतील म्हणून सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसं अधिक हुशारीनं वावरू लागली, त्यांना बरं वाटू लागलं. लाड दोघांचेही सारखेच होते, फरक होता तो अधिकाराचा.

म्हणून माझं म्हणणं असं, की वृद्धाश्रमात हसवायला जाणाऱ्यानं हसू बाहेरून घेऊन जाऊ नये. ते तिथंच असतं, आणि ते त्यांचं असतं. आपण फक्त जागा करून द्यायची.

आपला वऱ्हाड या बाबतीत काही गरीब नाही. 1876 साली शेंडगावात जन्मलेल्या आणि 1956 साली वलगावजवळ देह ठेवलेल्या गाडगेबाबांची आठवण काढा. बाबा कीर्तनात व्याख्यान देत नसत, प्रश्न विचारत. साध्या वऱ्हाडी बोलीत विचारलेल्या प्रश्नाला हजारो माणसं एका सुरात उत्तर देत आणि आपल्याच उत्तरावर खो खो हसत. ज्याला हसायचं, तोच तिथं बोलणाराही होता. हास्योपचार हा शब्दही कोणाला ठाऊक नव्हता त्या काळातली ही गोष्ट.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की म्हणतात त्या झडत्या घ्या. पाटलापासून सावकारापर्यंत कोणाचीही भीड न ठेवता त्यांतून चिमटे काढलेले असतात. वृद्धाश्रमातल्या शेतकऱ्याला त्या पाचपन्नास पाठ असतात, फक्त विचारणारा कोणी नसतो. बायांजवळ उखाणे असतात, भुलाबाईची गाणी असतात. नवऱ्याला जाऊन तीस वर्षं झालेली आजी उखाणा घेताना लाजते, तेव्हा सारी ओसरी हसते, आणि ते हसू डोळ्यांच्या कडांपर्यंत गेलेलं असतं. मात्र उखाण्याचा आग्रह करण्यापूर्वी जरा अंदाज घ्यावा. एखादीला ते नाव घेणं जडही जात असेल.

आता प्रत्यक्ष करायचं कसं? पहिल्या भेटीत हसण्याचं नाव काढू नये. बसावं, नाव-गाव विचारावं, शेत किती होतं, बैलांची नावं काय होती, ते विचारावं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत श्वास आणि टाळ्या घ्याव्यात. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी खुर्चीवर किंवा खाटेवर बसूनच करावं. दहा मिनिटं पुष्कळ झाली, पंधरा म्हणजे डोक्यावरून पाणी. परदेशी प्रकारांची नावं घेण्याचं कारण नाही. ताक घुसळण्याचं हसू, मोट हाकण्याचं हसू, कापूस वेचण्याचं हसू असे आपले प्रकार करावेत. हाताला जुनी सवय असते, हात चालू लागला की तोंडही उघडतं. ज्याला यायचं नाही त्यानं बाजूला बसावं, आणि त्याला कोणी टोकू नये. नुसतं पाहत बसणं हाही भाग घेणंच आहे.

काही जपण्याच्या गोष्टी आहेत. ज्याला हर्निया आहे, नुकतीच पोटाची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, ज्याचं हृदय अधू आहे किंवा रक्तदाब काबूत नाही, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय जोरानं हसू नये. म्हाताऱ्या बायांना हसताना लघवीचा थेंब सुटण्याची भीती असते. त्या हे सांगणार नाहीत, नुसत्या नको म्हणतील. आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, असा नियमच ठेवला की कोणालाच संकोच पडत नाही. कवळी सैल असेल तर काढून ठेवावी. बोळक्या तोंडाचं हसू काही कमी गोड नसतं. आणि जो माणूस आठवडेच्या आठवडे जेवत नाही, झोपत नाही, मरणाचंच बोलतो, त्याला हास्याचा नव्हे तर डॉक्टरचा उपचार हवा. तिथं टाळ्या वाजवत बसू नये.

एक गोष्ट व्यवस्थापकांसाठी. पाणी वेळेवर येत नसेल, पांघरूण पुरत नसेल, भाजी रोज कच्ची राहत असेल, तर त्याची तक्रार हसण्यात विरघळवू नये. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 साली झाला आहे. मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क त्यात आहे, आणि निराधार वृद्धांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत निवास असावेत अशी तरतूदही आहे. ज्याला हक्काची माहिती हवी आहे त्याला आधी ती द्यावी.

खेड्यातले श्रोते म्हणतील, आमच्या गावात कुठं वृद्धाश्रम आहे? पाटी नसेल, पण मारुतीच्या पारावर सकाळी कोण बसलेलं असतं ते पाहा. तरुण शहरात गेले, घरात दोन म्हातारी उरली, एक गेलं की एकच उरलं. 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं देशात 10 कोटींवर होती. पारावर, शाळेच्या व्हरांड्यात, दहा मिनिटं हे करायला खर्च काही नाही. गुरुजींनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत चौथी-पाचवीची मुलं त्यांच्यात बसवली तर आणखी चांगलं. झडत्या पाठ करायला मुलांना सांगा, त्या कोणाकडून मिळतात हे मुलंच शोधून काढतील. फक्त आपल्या वऱ्हाडात चैत्र-वैशाखाची उन्हं विसरू नका. अकोल्याला पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो त्या दिवसांत जे काय करायचं ते सूर्य वर येण्याआधी आटोपावं आणि प्रत्येकाला पाणी पाजूनच उठवावं.

आमच्या त्या आजींचं पुढं काय झालं, हे सांगायचं राहिलं. आम्ही जात राहिलो, त्या खाटेवरच बसून राहिल्या. चौथ्या-पाचव्या खेपेला मुली भाकरी थापण्याचं हसू करून दाखवत होत्या. शहरात वाढलेल्या पोरी, पिठाला कधी हात न लागलेला. आजींनी बराच वेळ पाहिलं आणि तिथूनच ओरडल्या, "अशी थापतात काय व भाकर? हे त गवऱ्या थापनं झालं!" सगळं अंगण हसलं. आजी हसल्या नाहीत. त्या खाटेवरून उतरल्या, त्या मुलीचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले आणि हवेतच भाकर कशी फिरवायची ते दाखवू लागल्या.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा परीक्षेमुळं ती मुलगी आलेली नव्हती. फाटकातून आत शिरतो न शिरतो तोच आजींनी विचारलं, "थे गवऱ्यावाली पोरगी नाही आली काय?"